नाव कोणाचे लिहिले?

(मुंबईतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, 'शहरातील कलेचे कार्यक्रम, प्रदर्शने आणि आर्थिक मदतीच्या संधी'. विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणी मनात म्हणाल्या असतील, इथे रेशनकार्डाचा प्रश्न सुटत नाही, पोलीस तक्रार लिहून घेत नाहीत, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई कार्यालयात बसून आहे, आणि या बाई प्रदर्शनाचे काय घेऊन बसल्या? खरे सांगते, काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हणाले असते. माझे मत बदलले ते एका गोधडीमुळे. म्हणून आधी त्या गोधडीचीच हकीकत सांगते.

आमच्या वस्तीतल्या गटात एक मावशी आहेत. दिवसभर चार घरची धुणीभांडी करतात. रात्री जेवणे आटोपली की जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला बसतात. त्यांची गोधडी शंभरात ओळखू येते. मधे विहीर, विहिरीभोवती बैल, कडेने बाभळीची झाडे, असे गाव त्या कापडाच्या तुकड्यांतून उभे करतात. एकदा एक शिकलेली, हौशी मुलगी वस्तीत आली. तिने मावशींच्या बारा गोधड्या घेतल्या, घासाघीस न करता रोख पैसे दिले. पुढे काही महिन्यांनी कळले की शहरातल्या एका कलादालनात त्या गोधड्या लागल्या आहेत. मावशींना घेऊन आम्ही चौघी लोकलने गेलो. मावशी ठेवणीतले लुगडे नेसल्या होत्या. दारातल्या माणसाने विचारले, "कोणाकडे काम आहे?" आम्ही म्हटले, "बघायला आलोय." त्याने सोडले, पण तो मागे मागे फिरत राहिला.

आत गोधड्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. वरून दिवे सोडलेले. फार सुंदर दिसत होत्या. बाजूला एक पट्टी होती. त्यावर संकल्पना म्हणून त्या मुलीचे नाव होते आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'सहकार्य : वस्तीतील महिला'. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे यात मी कुठली?"

मला उत्तर देता आले नाही. त्या मुलीला दूषणे देऊन मोकळे होणे सोपे होते. पण परत आल्यावर आम्ही आमची पावती पाहिली. तिच्यावर आम्हीच लिहिले होते, 'महिला गटाकडून गोधड्या, नग बारा'. मावशींचे नाव आम्हीसुद्धा लिहिले नव्हते. आम्हाला वाटत होते, सामूहिक काम आहे, एकटीचे नाव कशाला पुढे करायचे? आणि पुढे वर्षभराने मावशींसाठी एका ठिकाणी आर्थिक मदतीचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा अर्जात एक रकाना होता, 'यापूर्वी कोठे प्रदर्शन झाले?' मोठ्या कलादालनात बारा कलाकृती लागलेल्या बाईचा तो रकाना आम्हाला कोरा ठेवावा लागला. अर्ज परत आला.

मला आज एवढेच सांगायचे आहे. या शहरात कलेच्या जागा आहेत आणि कलेसाठी थोडाफार पैसाही आहे. पण तो पैसा नावाच्या मागून जातो, कागदाच्या मागून जातो. आपल्या बाया काम करतात आणि निनावी राहतात, म्हणून तो त्यांच्या दारावरून पुढे निघून जातो.

शहरात काय काय आहे

आधी जागा पाहू. मुंबईत चित्रांचे जग बरेचसे कुलाब्यापासून काळा घोड्यापर्यंतच्या पट्ट्यात गोळा झाले आहे. १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी तिथेच आहे. तिथे चित्रे बघायला तिकीट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या कितीतरी जणींना वाटते की आत जायला पैसे पडतात. तिच्या जवळच १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईची शाखा सुरू झाली. याच भागात १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरू लागला. नाच, नाटक, चित्रे, साहित्य असे त्यातले पुष्कळसे कार्यक्रम फुकट पाहता येतात. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची. या संस्था वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रकारांकडून प्रवेशिका मागवतात. राज्य सरकारच्या कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन असते. नाटकाकडे पाहाल तर हौशी राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आहे आणि जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून.

यादी मोठी आहे, पण तिच्यात आपली बाई कुठे बसते ते बघा. बाई राहते मानखुर्दला, गोवंडीला, नाहीतर पार विरारला. कलादालन उघडते साधारण सकाळी अकराला आणि बंद होते संध्याकाळी सातला. त्या वेळात ती कामावर असते. कामावरून सुटली की स्वयंपाक. रविवारी पाणी भरायचे, कपडे धुवायचे. आणि स्वतःचे प्रदर्शन मांडायचे म्हटले तर नावाजलेल्या जागी भाडे भरावे लागते आणि पाळी यायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. वर्षे थांबण्याची ऐपत कोणाची असते? जिचे घर दुसरे कोणी चालवते तिची.

आता दुसरीकडे बघा. सरकार भरवते त्या 'महालक्ष्मी सरस' सारख्या विक्री प्रदर्शनात बचत गटाच्या बायांना गाळा मिळतो. पापड, मसाले, गोधड्या, बाहुल्या सगळे एका रांगेत असते. विक्री चांगली होते. त्याला माझा विरोध नाही, पैसा हातात येतो हे महत्त्वाचे आहे. पण तिथे मावशींची गोधडी 'वस्तू' असते. तीच गोधडी दुसऱ्याच्या नावाने कलादालनात गेली की 'कलाकृती' होते. टाके तेच, कापड तेच, फक्त पट्टीवरचे नाव बदलते आणि त्याबरोबर किंमत बदलते.

भिंतीवरून कागदावर

हे आजचे नाही. वारली चित्रांचेच घ्या. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक काढतात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ, बांबूची काडी. हा चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. लग्नाचे विधी सांगणारी धवलेरीही बाईच. पिढ्यान् पिढ्या हे काम बायांचे होते, आणि एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही. चित्र भिंतीवर होते, लग्न झाले, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली.

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात गेले. कागद आणि रंग दिले गेले. भिंतीवरचे चित्र कागदावर आले आणि कागदाबरोबर नाव आले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत झाले. पुढे ते जगभर गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. फार मोठा कलावंत, त्यांचा मान त्यांचाच आहे. लग्नाच्या चौकापुरते न थांबता त्यांनी रोजचे जगणे चित्रात आणले. पण मला प्रश्न पडतो तो असा : जी कला भिंतीवर होती तोवर बायांची होती, ती कागदावर, बाजारात आणि पुरस्कारात गेली तेव्हा नावे बहुतेक पुरुषांची का झाली? कारण कागद घेऊन शहरात जायला, गॅलरीत बोलायला, रात्री परगावी राहायला मोकळीक पुरुषांना होती. चूल, लेकरे आणि गुरे बाईकडे होती. कला हातात होती, पण पाय बांधलेले होते.

शहरातल्या, शिकलेल्या, बऱ्या घरच्या बायांचे काय होते? थोडी वेगळी गोष्ट होती, पण फार वेगळी नाही. अमृता शेरगिलला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईच्या अंबिका धुरंधर त्याच काळातल्या. १९१२ चा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिक्षण, सत्त्याण्णव वर्षांचे आयुष्य. आजही पुष्कळ जण त्यांना 'चित्रकार धुरंधरांची मुलगी' म्हणूनच ओळखतात. म्हणजे नाव असले तरी ते बापाच्या नावाखाली.

बायांनी काय केले

रडगाणे सांगून मी थांबणार नाही. बायांनी आपापल्या परीने वाटा काढल्या आहेत.

नलिनी मलानी या मुंबईच्या चित्रकर्तीने १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये बायांनी बायांसाठी चालवलेली एक गॅलरी पाहिली. परत आल्यावर तिच्या मनात आले की भारतातल्या स्त्री चित्रकारांचे मोठे प्रदर्शन करावे. त्याला पाठबळ मिळेना. मग मोठ्याचा नाद सोडून चौघीजणी एकत्र आल्या : मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंह. १९८७ ते १९८९ या काळात त्यांनी आपले प्रदर्शन गावोगावी फिरवले. यातून काय घ्यायचे? पैसा नाही मिळाला म्हणून काम थांबवले नाही, काम लहान केले. आणि चौघींची चार नावे राहिली. 'महिला मंडळाचे प्रदर्शन' असे त्यांनी म्हटले नाही.

दुसरे उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली उभे केले. नाट्यगृहाची तारीख मिळेल तेव्हा करू, असे म्हणत त्या बसल्या नाहीत. चौकात, शाळेत, गिरणगावात, खेड्यात, हजारो प्रयोग झाले. त्यात काम करणाऱ्या बाया नोकरी, संसार सांभाळून तालमीला येत होत्या.

जागेबद्दल सांगायचे तर दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठवा. सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे, अरुण काकडे यांच्या 'आविष्कार'ने १९७४ पासून तिथे नाटके केली. धड रंगमंच नाही, खाली रस्त्याचा गोंगाट. पण मराठी प्रायोगिक नाटकाची एक अख्खी चळवळ त्या शाळेच्या हॉलमध्ये वाढली. शाळेचा हॉल तुमच्या वॉर्डातही आहे.

आणि अगदी आपल्या जवळचे म्हणजे २०१५ साली धारावीत झालेले कलाप्रदर्शन, धारावी बिएनाले. 'स्नेहा' या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने ते भरवले. वस्तीतल्या लोकांनी कलावंतांबरोबर बसून वस्तू तयार केल्या. त्यात बायांनी शिवलेला धारावीचा एक कापडी नकाशा होता. घरात मारहाण कुठे कुठे होते, ते त्या नकाशावर टाक्यांनी दाखवले होते. आपण अहवाल लिहितो, आकडे देतो, अधिकारी ते चाळून बाजूला ठेवतात. शिवलेल्या नकाशासमोर मात्र माणूस उभा राहतो. म्हणून म्हणते, कला हे आपल्या कामाला फुरसतीत जोडायचे शेपूट नाही.

पैसा कुठे आहे

आता वह्या काढा, हे लिहून घ्या.

एक : केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या. अलीकडच्या वर्षांच्या जाहिरातींप्रमाणे २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ, दरमहा १०,००० रुपये, आणि चाळिशीपुढे वरिष्ठ, दरमहा २०,००० रुपये. मुदत दोन वर्षे. चाळिशीपुढची ही सोय नीट लक्षात घ्या. आपल्याकडे बाईला स्वतःसाठी वेळ मिळतो तोच मुले मोठी झाल्यावर. बहुतेक बक्षिसे आणि स्पर्धा 'तरुण कलावंतां'साठी असतात. तीस-पस्तिसाच्या आतले तरुण कोण असतात? ज्यांच्या कडेवर मूल नसते ते.

दोन : संस्कृती मंत्रालयाचेच संस्थांना कार्यक्रमासाठी, नाटकासाठी, प्रदर्शनासाठी मिळणारे अनुदान. यासाठी संस्था नोंदणी झालेली लागते, हिशेब तपासलेले लागतात, आणि खर्चाचा काही वाटा आपण उचलायचा असतो. ज्या गटांची नोंदणी झालेली नाही त्यांनी नोंदणी असलेल्या मैत्रीण संस्थेबरोबर मिळून करता येईल का, ते पाहावे.

तीन : इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. बंगळूरची संस्था, १९९३ साली स्थापन झाली, १९९५ पासून देशभर अनुदाने देते. हिचे वैशिष्ट्य म्हणजे प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. म्हणजे मराठीत. 'आम्हाला इंग्रजी येत नाही' ही अडचण निदान इथे नाही.

चार : राज्य सरकारचे ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांचे मानधन. २०२४ साली ते सरसकट दरमहा ५,००० रुपये केले गेले. अट काय असते? वय पन्नासच्या पुढे, उत्पन्न कमी, आणि कलेच्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केल्याचा पुरावा.

अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. अटी बदलतात, तारखा बदलतात.

या 'पुरावा' शब्दापाशी जरा थांबते. विठाबाई नारायणगावकरांचे आयुष्य आठवा. तमाशाची सम्राज्ञी, १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. २००२ साली त्या गेल्या, आणि अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. आता त्यांच्या नावाने सरकारचा पुरस्कार आहे. एवढे नाव असलेल्या बाईची ही गत, तर फडात मागच्या रांगेत उभ्या राहून तीस वर्षे नाचलेल्या, झिलकऱ्यांच्या पुढे घसा कोरडा होईपर्यंत गायलेल्या बाईजवळ पुरावा कुठला? जाहिरातीवर मालकाचे नाव. बोर्डावर फडाचे नाव. पगार हातात, पावती नाही. ती सरकारच्या खिडकीवर जाऊन काय दाखवणार? पायातले घट्टे?

आपण काय करायचे

म्हणून आमच्या गटाने जे सुरू केले ते सांगते. फार मोठे काही नाही, पण कोणालाही जमेल.

पहिले म्हणजे नावाची वही. गटात जी बाई काही करते, मग गोधडी असो, ओवी असो, पथनाट्यातली भूमिका असो, पोस्टरवरचे चित्र असो, तिचे पूर्ण नाव, काम आणि तारीख लिहायची. ओवी सांगणारीचे नाव आणि ती लिहून घेणारीचे नाव, दोन्ही. सामूहिक काम असेल तर सगळ्यांची नावे. 'आम्ही सगळ्याजणी' हे घोषणेत शोभते, अर्जात चालत नाही.

दुसरे म्हणजे प्रत्येकीची फाइल. कामाचे फोटो, कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण, आभाराचे पत्र. पत्रिका छापताना बायांची नावे छापायचीच. जागा नाही म्हणून गाळायची झाली तर पाहुण्यांच्या पदव्या गाळा.

तिसरे, कोणी वस्तू प्रदर्शनासाठी न्यायला आले तर साध्या कागदावर लिहून घ्यायचे : पट्टीवर नाव कसे लागेल, विक्री झाली तर कोणाला किती, फोटो छापला तर नाव छापणार का. माणूस चांगला असला तरी लिहून घ्यायचे. चांगल्या माणसाची त्याला हरकत नसते.

चौथे, अर्ज एकटीने भरायचा नाही. महिन्यातून एक दुपार अर्जाची. एक वाचते, एक लिहिते, एक हिशेब मांडते. आणि हिशेबात मुले सांभाळणाऱ्या बाईचे पैसे आणि तालमीच्या दिवशी बुडालेली मजुरी धरायची. एका ठिकाणी आमच्या अर्जातला हा खर्च लाल शाईने खोडला होता, शेरा होता 'कलेशी संबंध नाही'. आम्ही पुढच्या अर्जात पुन्हा लिहिला. मूल पाळण्यात रडत असताना ब्रश हातात धरता येत नाही, याचा कलेशी संबंध नाही तर कशाशी आहे?

पाचवे, वर्षातून दोनदा तरी बायांना घेऊन प्रदर्शन बघायला जायचे. नुसते बघायला. दारातला माणूस मागे मागे फिरला तर फिरू द्यावे. चार वेळा गेलो की तो फिरायचा थांबतो, हा अनुभव आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका कार्यकर्तीने मला विचारले, "एवढं नावासाठी भांडायचं, तर गटात मीपणा वाढणार नाही का?" प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडेही कुरबुरी झाल्या. एकीचे नाव छापले, दुसरी रुसली. पण नाव न लिहिल्याने मीपणा नाहीसा होत नाही. जी बोलकी असते, जी शिकलेली असते, जिच्या घरी फोन येतो, तिचेच नाव आपोआप पुढे जाते. माझेच बघा ना. आज भाषणाला मला बोलावले, मावशींना नाही. नावे लिहायला लागलो तेव्हाच आम्हाला कळले की कोणाची नावे राहून जातात. ती बहुतेक वेळा दलित बाईची असतात, म्हाताऱ्या बाईची असतात, लिहिता न येणाऱ्या बाईची असतात.

मावशींचे काय झाले, ते सांगून थांबते. त्या आजही चार घरची कामे करतात आणि रात्री गोधड्या शिवतात. त्यांच्या फाइलमध्ये आता सहा कागद आहेत. वॉर्डातल्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तीन दिवसांचे प्रदर्शन भरवले, त्याची पत्रिका त्यात आहे आणि तिच्यावर त्यांचे नाव आहे. त्या पत्रिकेवर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, "यातलं माझं कुठलं?" मी दाखवले. ती पत्रिका त्यांनी घरी नेली, नातवाला दाखवली आणि दुसऱ्या दिवशी फाइलसाठी परत आणून दिली. अर्ज पुन्हा पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तर तिसऱ्यांदा पाठवू.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक कोरी वही आणावी, एवढीच माझी विनंती आहे. पहिल्या पानावर आपल्या गटातल्या सगळ्यात गप्प बाईचे नाव लिहा आणि तिला काय येते ते विचारा.